गाय टाइल्सवर आली तेव्हा

माझं सासर रत्नागिरीकडचं, अगदी समुद्राला लागून, पण मी लग्न होऊन आले ती अंबरनाथलाच, मिस्टर कारखान्यात होते, मग पुढं बदलापूरला वन रूम किचन घेतलं. काय सांगू तुम्हाला, गावाला गेलं की मोठ्या दिरांच्या, म्हणजे दादांच्या पडवीत झोपायचं, पोरं मोठी झाली तरी पडवीतच. म्हणून मिस्टरांच्या मनात आलं, वाटणीत आपल्याला गोठा आलाय, त्याचंच सुट्टीतलं घर करू, खिडकीत बसून समुद्र बघू.

गोठ्यात दादांची गाय असायची. दादा म्हणाले, करा, तुमचाच आहे. एवढंच म्हणाले हां, गाय नेऊन मांडवाखाली बांधली आणि बोलणंच बंद, समोर आले तरी जयभीमसुद्धा नाही. मीही हट्टी, आमच्या वाटणीचं आम्ही केलं, चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. उल्हासनगरच्या मार्केटमधून टाइल्स नेल्या, पांढऱ्या, एकदम चकचकीत. मिस्टर मात्र जेवताना दादांच्या घराकडं बघत बसायचे, घास तसाच हातात.

काम संपलं त्या मे महिन्यातली गोष्ट, संध्याकाळी मी फरशी पुसत होते आणि बघते तर गाय दारात, दावं तोडून, सवयीनं आपल्या जागेवर आलेली, त्यात गाभण, दिवस भरत आलेले. मी हाट म्हणायच्या आत ती मधोमध आली आणि ओल्या टाइल्सवर पुढचे पाय घसरून फाकायला लागले हो, खूर करकर वाजतायत, ती थरथरतेय, पडली तर संपलंच, गाय पण आणि दोन भाऊ पण. मिस्टर म्हणाले, हलू नको. पण मी दादांना हाक मारली, जीव खाऊन मारली.

दादा धावत आले, एका बाजूनं त्यांनी गाईला खांदा लावला, दुसऱ्या बाजूनं मिस्टरांनी, आणि दादा माझ्यावर ओरडले, बघतेस काय, वाळू आण! इतक्या महिन्यांतला पहिला शब्द तो. मी बादल्या भरभरून किनाऱ्यावरची वाळू माझ्या नव्या टाइल्सवर ओतली, हातानं खुरांखाली सारली, रडत होते आणि सारत होते. गाय एकेक पाऊल टाकत बाहेर गेली. दोघे भाऊ तिथंच वाळूत बसले, कोणी कोणाकडं बघेना. मग दादा म्हणाले, चहा ठेव.

पुढच्या आठवड्यात ती सुखरूप व्याली, सगळ्यांचं असंच भलं होवो. टाइल्सवर चरे पडले ते पडलेच. पोरगी म्हणते, मम्मी, चेंज कर ना. मी नाही म्हणते. दादा आता थकलेत, आम्ही गेलो की जयभीम घालत येतात, दाराशी चप्पल काढतात, म्हणतात, तुझी फरशी बरी गं, पाय घसरत नाही.