वळ दिसतील एवढा उजेड

नणंद : खिडकीकडे जरा तिरकी हो, वहिनी. बाजूने उजेड आला की सूजही दिसेल. हां, बस. आता हलू नकोस, उजेड मोजायचं मीटर गळ्याशी धरतेय.

वहिनी : फोनवर फोटो काढले होते गं मी. वकीलबाई म्हणाल्या, यात काहीच दिसत नाही.

नणंद : तुझ्या मागे काळं कपाट होतं. फोनला वाटलं खोलीतच अंधार आहे, त्याने उजेड वाढवला. गळा पांढराफटक पडला आणि बोटांचे वळ पुसले गेले. हे मीटर मागचं काही बघत नाही. तुझ्या अंगावर किती उजेड पडतोय, तेवढंच सांगतं.

वहिनी : आणि तू?

नणंद : मी काय?

वहिनी : तुझा सख्खा भाऊ आहे तो. कॅमेऱ्यात जरा इकडचं तिकडं केलंस, तर पुन्हा काही दिसणार नाही. मला कळायचंही नाही.

नणंद : एकदा केलंय मी तसं.

वहिनी : कधी?

नणंद : तुमच्या लग्नात. आई म्हणाली होती, सून उजळ दिसू दे. तुझा एकेक फोटो मी मुद्दाम दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेडात काढला.

वहिनी : मी मेकअपवालीला नावं ठेवत बसले. चार वर्षं झाली, अल्बममधली ती बाई काही माझ्या ओळखीची होत नाही.

नणंद : हे घे मीटर. तूच वाच. आकडा काय आलाय?

वहिनी : पाच पॉइंट सहा.

नणंद : आता इकडे ये, कॅमेऱ्यावर बघ.

वहिनी : तोच आहे.

नणंद : जा मग, होतीस तशी उभी राहा.

वहिनी : छोटी, फोटो हलणार नाही ना?

नणंद : कॅमेरा स्टँडवर आहे. त्याला काही होत नाही.

(स्टुडिओच्या दारावर थाप पडते.)

दादा : छोटी, दार उघड. ती आत आहे, मला माहितेय.

वहिनी : कडी लावलीस ना?

नणंद : वरची, खालची, दोन्ही. हात खाली घे. गळा झाकू नकोस.

दादा : अगं, रागाच्या भरात होतं माणसाच्या हातून. घरातलं घरात मिटवू. तू तरी समजून घे.

नणंद : इतके दिवस तेच करत होते, दादा.

दादा : सायकलवरून पडलीस तेव्हा पाठीवर घेऊन कोण धावलं होतं? विसरलीस?

नणंद : नाही विसरले. पाच टाके पडले होते मला. माझ्यापेक्षा तूच जास्त रडलास.

दादा : मग?

नणंद : मग काही नाही. दार उघडणार नाही मी.

दादा : छोटी.

नणंद : वहिनी, श्वास रोखून धर. एक... अजून एक. झालं, सोड.

वहिनी : गेला का तो?

नणंद : नाही. पायरीवर बसलाय.

वहिनी : आता गं?

नणंद : वकीलबाईंना कळवलंय. कुणाला तरी सोबत घेऊन निघाल्यात त्या. तोवर डावी बाजू राहिलीय. केस वर धर, मीटर पुन्हा लावते.