तळेघरचे नाकतोडे

खरं बोललं की काय होतं, ते मी तळेघरला शिकले. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी कशी होते, हे नाकतोड्याच्या वृषणात झकास दिसतं. म्हणून पीएचडीच्या वेळी मी तिथे भाताच्या बांधावर नाकतोडे पकडत फिरायचे. शेतवाले म्हातारे बाबा एकदा म्हणाले, "ताई, ह्यांचं करता तरी काय?"

"अंड काढते, बाबा."

"म्हंजी खच्ची?"

"तसंच म्हणा."

"दिवसाला किती?"

"चार."

पुढच्या खेपेला निम्मं गाव बांधावर डबे घेऊन बसलेलं, सगळे डबे नाकतोड्यांनी भरलेले. बाबा म्हणाले, "भात पार खाल्ला ह्यांनी. पण मारू नका, पाप लागंल. खच्ची करा अन् सोडून द्या. बैलावानी गरीब व्हतील."