ड्रेसदादांची एंट्री

तुम्ही आत्ता नेटवर नाव आल्याचं बोललात, त्यावरून आमचे वसंतकाका आठवले. नव्याण्णव साली नेरूळला माझा सायबर कॅफे होता. काका आमच्याच सोसायटीतले. सिनेमात ड्रेसदादा होते, म्हणजे नटनट्यांचे कपडे सांभाळायचे. जन्मभर तेच केलं. सगळ्या सिनेमांची माहिती आता कॉम्प्युटरवर असते, हे कुणीतरी सांगितलं म्हणून काकूंना घेऊन स्वतःचं नाव बघायला आले.

मी नाव टाकलं. इतक्या वर्षांच्या कामातला एकच सिनेमा निघाला. प्रकार, अडल्ट. कथेच्या जागी एक ओळ: 'नुसती नग्न दृश्यं, कथा नाही.' आणि खाली कपडेपटाला काकांचं नाव.

काकूंनी मला सगळं मराठीत सांगायला लावलं. मग काकांना म्हणाल्या, "कपडेच नव्हते, तर तुमी काय करत होता तिथं?"

मी घाईघाईने म्हटलं, "काका, मेल टाकून नाव काढायला सांगू का?"

काका स्क्रीनकडेच बघत होते. "लोणावळ्याला शूटिंग होतं, डिसेंबरात. पोरगी कुडकुडायची. कट म्हटलं की मी धावत जाऊन अंगावर शाल टाकायचो. बाकीचे नुसते बघत उभे असायचे."

काकूंनी विचारलं, "माझी निळी शाल?"

"हं. तिलाच देऊन टाकली."

ती शाल लाँड्रीवाल्यानेच हरवली असं समजून काकूंनी लाँड्रीवाला बदलला होता. त्या माझ्याकडे वळल्या.

"नाव राहू दे रे. ते कथा नाही म्हणून लिहिलंय ना, तिथं हे लिही."