बाबांचा हॉर्न

दवाखान्यात एका शिंपीणबाईंशेजारी सोळा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील लसीसाठी बसले होते. बाईंचे कान तिकडेच.

"बाबा, ही लस दहाव्या वर्षीच घ्यायची होती म्हणे."

"ते सगळं तुझी आई बघायची गं. ती गेली आणि माझ्या डोक्यातूनच गेलं."

"मला टोचायचे तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"बाहेर, स्कूटरवर. तू भोकाड पसरलंस की हॉर्न वाजवत सुटायचो. तुझं रडणं मला ऐकवायचंच नाही."

"आई तर म्हणायची, बाबा तुला धीर देतायत."

"असं म्हणायची?"

"दर वेळी."

तेवढ्यात आतून नर्सची हाक आली.

"चल, आज मी येतो आत."

"नको बाबा. तुम्ही बाहेर जाऊन हॉर्न वाजवा."