गुणवंत गुरुजींचं रविवारचं सदर

हॅलो?… हॅलो, कोन?… सरिता! जय भीम बाई, जय भीम. कुठून बोलून राह्यली?… एटापल्लीवरून? एसटीडी बूथवर गर्दी असन… हो, हो, येते आवाज. बोल.

काय वाचलं?… रविवारचं? हो… मोहफुलाचं. हासली तू?… आश्रमशाळेतल्या पोरायलेबी वाचून दाखवलं? आता काय म्हनाव तुले… हो ना वं. कुत्र्याचं नाव हेडमास्तर ठेवलं तुह्या बाबानं, मंग होईन नाई तं काय. शेजारच्या लच्छूच्या आंगनात सुकाले टाकलेले मोहफुलं खाल्ले न झिंगला. न केंद्रप्रमुख तपासनीले आले, तवाच डुलत डुलत वर्गात… "शाळेतल्या दोन हेडमास्तरांपैकी झिंगलेला कोणता, असं साहेबांनी मला कानात विचारलं"… हो, ते वाक्य जमलं खरं.

माझ्यावरचं?… "आमच्या बायनाबाईंनी कुत्र्याला ताक पाजलं आणि उरलेलं माझ्यापुढे ठेवलं"… हास बाई, हास. लग्न झालं तवापासून सारा जिल्हाच हासून राह्यला मायावर. तू कशाले मागं राहातं?

नाई वं, चिडली नाई मी… काय म्हनली?… बाबा पहिल्यावानी लिवाले लागले, म्हनून आता दिवाळीलेच येतो?… अवं सरिता… नाई, तसं नाई… अवं, ऐक नं आधी… तुहं झालं का बोलून? बूथचं दार लाव. लावलं?

बाबा नाई लिवत.

मी लिवलं. मोहफुलाचं मी लिवलं. त्याच्या आधीचं, सायकलच्या चेनमंदी पायजमा अडकला न गुरुजी मिरवनुकीत तसेच उभे राह्यले, तेबी मीच… मस्करी कायची करू बाई?… काऊन म्हन्जे? झटका आल्यावर दोन रविवार त्यायचं सदर आलं नाई, तं तुहा फोन आला का नाई? मी नोकरी सोडून येतो म्हनली होती. एवढी वाट पाहून लागलेली नोकरी, अजून कायम नाई झाली, न वरून नाल्याले पूर. मले वाटलं, पेपरात बाबाचं नाव दिसलं का पोरगी निवांत राहीन. त्यायचं लिवलेलं फेअर करून मीच देत होती ना इतके वर्स? अक्षर माझंच. पेपरवाल्यायलेबी काई समजलं नाई… रागव, रागव. मले काय मालूम, तू येनंच पुढं ढकलशीन?

हेडमास्तर?… नाई वं… नाई हाये तो. पोळ्याच्या आधीच बिबट्यानं नेला, आपल्या आंगनातून. साखळी तेवढी राह्यली… हो, लिवलं मी तसं, "हेडमास्तर आत्ताही माझ्या खुर्चीखाली घोरत आहेत" म्हनून. काय लिवू मंग? माया हातानं नाई मारवला तो… रडू नको सरिता. अवं, मीबी रडत रडतच लिवलं ते, न लोकं हासले. हासवाचं लिवनं लय जिवावरचं काम हाये बाई, मले आता समजलं. आपल्यालेच नावं ठेवाची, न तेबी वाचनाऱ्याले गोड वाटलं पाह्यजे. तुहे बाबा चहा थंड होईपर्यंत उरकवत. माये कागदावर कागद चुलीत जाते.

वाचून दाखवतो ना त्यायले. दर रविवारी. उशीले टेकवून बसवतो न वाचतो… हासते ना. अर्ध्या तोंडानं हासते. कुत्र्याचं आलं का दाराकडं पाह्यते. तवा जीव तुटते माया… अवं, समजते त्यायले सारं. सारं समजते, तेच तं वाईट हाये.

हात?… नाई उठत. पायबी नाई. तुले मी 'जरासा झटका' म्हनली होती ना, जरासा नाई बाई. डाक्टर येऊन गेले. दुसरा झटका आला तं खरं नाई म्हनले. ज्याले बोलवाचं हाये त्याले बोलवून घ्या म्हनले… म्हनून सांगून राह्यली. दिवाळी-बिवाळी काई पाहू नको. निंग.

हो, देतो, त्यायले फोन देतो. पन आधी ऐक. वाचा गेली हाये त्यायची… अगदीच नाई म्हनता येत. एक शबद राह्यला… बायना… हो वं, माझंच नाव. आपल्याकडं नवरा कुठी बायकोचं नाव घेते? कधी 'सरिताची माय' म्हनत, नाई तं नुसतं 'आयकलं का'. नाव फक्त पेपरात घेत, लोकायले हासवाले. न आता पानी पाह्यजे तं बायना. कूस बदलाची हाये तं बायना. दारात कुत्रा दिसत नाई तंबी बायना. मले काय मांगून राह्यले तेच समजत नाई कवा कवा, मंग मी पानी देतो, पांघरून देतो, पंखा लावतो, न ते डोळे मिटून घेते… लोकं म्हनते, नशीबवान हाये बाई तू, नवऱ्याच्या तोंडात तुहंच नाव. कायचं नशीब? दिवसभर हाक आयकतो न रडू येते मले.

थांब. फोन बाजंपाशी नेतो. वायर पुरते… आयकलं का? सरिता हाये, एटापल्लीवरून. घ्या, कानाले लावतो… बोला ना. पोरगी हाये तुमची… बोला…

हॅलो, सरिता?… आयकलं?… नाई वं, मले नाई बोलावलं! मी तं त्यायच्या बाजूलेच बसली हाये, हात धरून. मले कायले बोलावतीन? तुले हाक मारली त्यायनं. सरिताच म्हनाचं होतं… हो बाई… हो. अजून म्हनूनच राह्यले, येते का आवाज?… मंग कवा येशीन? सकाळची गाडी सुटते का तिकडून? नाल्याचं पानी उतरलं का?… काय?… नाई आयकू आलं… येशीन ना? हो म्हन, नाई म्हन, काईतरी सांग बाई… हॅलो?… सरिता?… हॅलो? हॅलो?…

गेली लाइन.

अहो, उठाले नका पाहू… हो, झालं ना बोलनं. येतो म्हनली. उद्याच्याच गाडीनं येतो म्हनली.