नऊ पिंपं आणि लांबचा समुद्र

समारंभाचे अध्यक्ष किशनराव काका, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आज सेवानिवृत्त होणारे आपले व्यवस्थापक आदरणीय दिनकरराव साहेब, आणि चहा येईपर्यंत शांत बसायचे कबूल केलेल्या माझ्या चुडाव्याच्या बंधू-भगिनींनो,

मी सत्यशीला, अन्नपूर्णा शेतकरी संघाच्या गोदामाची कारकून. आमच्या घरातली पहिली पदवीधर. विद्यापीठाच्या नावाचा वाद अजून मिटायचा आहे, पदवी मात्र पूर्ण मिळाली. उरलेले शिक्षण साहेबांनी दिले.

काय शिकवले साहेबांनी? स्वच्छता! फवारणीच्या पावडरीची मुदत संपली, की ती पिंपं पूर्णेच्या पात्रात रिकामी करायची आणि कागदावर 'माल नष्ट' असा शेरा मारायचा. मी एकदा विचारले, "साहेब, हे सगळं जातं कुठं?" साहेब हसले. "बाई, पूर्णा गोदावरीला मिळती, गोदावरी समुद्राला. अन् समुद्र परभणीहून लय लांब हाय." केवढी ही दूरदृष्टी!

घरी आईला हे सांगितले. ती म्हणाली, "मंग बाजारात समुद्राची सुकट कशी यायलीय गं? तुज्या साहेबाची पिशवी तं दर मंगळवारी भरून जायलीय." आई शाळेत गेलेली नाही, म्हणून तिला असले प्रश्न पडतात. मी विज्ञान शिकले आहे. शेवाळातले कणभर विष किडा खातो, असे शंभर किडे लहान मासा खातो, असे शंभर लहान मासे मोठा मासा गिळतो. हे विष अंगात जिरत नाही, चरबीत साठत जाते. शेवटी त्या मोठ्या माशाला कोण खातो? आपण, चांगला तिखट रस्सा करून.

समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. नदीवर जाळे टाकणारे मुंजाजीमामा मागे बसले आहेत. गेल्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "मेलेला मासा मी फेकून देतो, बाई. जिता घरी नेतो, नातवंडं खातेत. जित्याच्या पोटात काय हाय, ते मला कसं कळावं?" हे मी साहेबांच्या कानावर घातले. साहेब म्हणाले, "चांगलं उकळून खा म्हणावं." प्रश्न मिटला!

उद्या सकाळी साहेब कार्यभार देणार. जाताना गोदाम रिकामे दिसले पाहिजे, म्हणून हा समारंभ आटोपला की उरलेली नऊ पिंपं नदीवर न्यायची असे ठरले आहे. शेऱ्याखाली सही मात्र माझी लागते. काल दुपारी साहेब प्रेमाने म्हणाले, "सही करून टाका. तुमची नोकरी कायम करायची शिफारस खिशातच हाय माझ्या." इतकी माया सख्खे लोकही करत नाहीत.

मी सही केली आहे, साहेब. फक्त शेरा बदलला. 'नऊ पिंपं शिल्लक' असे लिहिले, आणि ज्या कंपनीने ती पाठवली तिनेच परत न्यावीत, असे पत्र सकाळच्या टपालाने धाडले. शिफारस खिशातच राहू द्यावी.

साहेबांना दीर्घायुष्य लाभो, तेही इथेच, पूर्णेकाठी. अध्यक्षांनी मला बोलू दिले, त्यांचे आभार. शब्द कमी-जास्त झाले असतील तर वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. गोदामाची किल्ली मात्र मी आज कोणालाही देणार नाही. तेवढी चूक माफ करू नका, माझ्या नावावर लिहून ठेवा.