आडोशाचा खांब

शाळेतल्या मुलांसाठी रंगीत खडू आणायला मी खाली श्कोडर शहरात निघालो होतो. मिनीबसमध्ये पुढच्या बाकावर वरच्या गावचे लुलाश आणि त्यांची बायको द्राने बसले होते.

“अहो, सरकारी नकाशात आपल्या गावाला वाराच नाही म्हणे?”

“नाही ना. म्हणून पवनचक्क्या पलीकडच्या गावाला. आपला पोरगा इटलीहून परत आला असता अशी नोकरीही तिकडंच गेली.”

“वारा नाही? मग आपलं छप्पर काय फुंकरीनं उडालं?”

“अगं, वारा मोजायचा खांब ती सरकारी ऑफिसातली पोरगी खिंडीत लावणार होती. तिला खाली कुणी आणलं?”

“पाहुणीला त्या गारठ्यात उभी करू? म्हटलं, भिंतीच्या आडोशाला लाव, कॉफी घे. नवखी होती, ऐकलं बिचारीनं.”

“आणि खांब वर्षभर ऊन खात बसला.”

“खड्डा तुम्हीच खणून दिलात!”

“पाहुणीला नाही कसं म्हणणार?”

“मग आता श्कोडरच्या ऑफिसात जाऊन काय सांगायचं?”

“खरं तेच. खिंडीत लावा, पुन्हा मोजा.”

“परत तीच आली तर?”

“तर तू घरात बसायचं.”

“बसेन. माझा लोकरी कोट तिला घाला आणि तडक वर न्या. मी हाक मारीन, पण मागं वळून बघू नका.”